लाखाची कुस्ती आणि तीन लिटर दूध : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘कुस्तीशौकीन’, नमस्कार.

‘तालमीची पायरी न चढलेल्यांनी पैलवानांच्या गरिबीवर गळे काढू नयेत. आज एकेका कुस्तीला लाख-लाख मिळतात.’ छोट्या पैलवानांच्या ओढाताणीवरच्या माझ्या मागच्या लेखाखाली तुम्ही हे लिहिलंत. आणखीही बरंच लिहिलंत, पण खरी मेख इथे आहे.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते मान्य करतो. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला ब्राँझपदक मिळवलं ते बँटमवेट वजनगटात. मी फ्लायवेट लिहिलं होतं. फ्लायवेटला ते १९४८ मध्ये लंडनला खेळले आणि सहावे आले. चूक माझी, दुरुस्ती केली आहे. पण तेवढ्यासाठी ‘अभ्यास शून्य, नुसती पोपटपंची’? वस्ताद चुकलेला पट (पाय धरून पाडायचा डाव) आधी पाय धरून दाखवतो आणि मग शिवी हासडतो. तुमच्याकडे सुरुवातच शिवीनं झाली.

पायरीचं म्हणाल तर कोल्हापुरात अकरा वर्षं हौद्यात, म्हणजे तालमीच्या मातीत घातली आहेत, कुस्तीनं दोन्ही कान मोडलेले आहेत. तेवढं पुरे.

आता तो लाख. लाखाच्या कुस्त्या होतात, नाही कोण म्हणतंय? यात्रेतल्या मैदानाच्या पोस्टरवर मोठ्या इनामाच्या एक नंबर, दोन नंबर, तीन नंबरच्या जोड्यांचे फोटो असतात, तुमची नजर तिथेच अडकलेली दिसते. त्याच मैदानात दुपारी पोरांच्या कुस्त्या लागतात, इनाम नुसत्या रेवड्या. मग शंभर, पाचशे, हजार, पाच हजार असं चढत चढत हलगीच्या कडकडाटात रात्री एक नंबरची जोडी आत येते. बाकी सगळे पोस्टरच्या बाहेरचे, आणि लेख त्यांच्यावर होता. शिवाय कुस्ती निकाली झाली तर ठीक, बरोबरीत सोडवली की इनामाची वाटणी आली. त्यातून गाडीभाडं, बरोबरच्या चार पोरांचं जेवण. हंगाम दिवाळीनंतर धरतो आणि पाऊस लागला की संपतो. २०२० आणि २०२१ ला तर करोनात बहुतेक यात्राच भरल्या नाहीत. खुराक मात्र बाराही महिने लागतो, कारण मेहनत बाराही महिने असते.

आणि खुराक म्हणजे काय, तेही एकदा मांडून दाखवतो, कारण ‘दोन अंडी जास्त खाल्ली की झाला खुराक’ हे तुमचंच वाक्य आहे. शंभर किलोच्या आसपासच्या पैलवानाचा हिशेब, भाव ढोबळ. म्हशीचं दूध तीन लिटर, दोनशे दहा रुपये. बदाम दीडशे ग्रॅम, एकशे पस्तीस. तूप तेवढंच, एकशे वीस. मटण दिवसाआड पाव किलो, म्हणजे रोजचे शंभर धरा. सहा अंडी, केळी-फळं यांचे सव्वाशे आणि मेसचे शंभर. बेरीज आठशेला टेकते. महिन्याला चोवीस हजार! यात खोलीभाडं नाही, लंगोट-बूट नाहीत, औषधपाणी नाही. हे पैसे येतात बापाच्या उसाच्या बिलातून. एकराचं ऊसबिल वर्षाच्या खुराकाला पुरतं का, हे तुम्हीच बसून काढा.

यात कुठे हात आखडला की ते आधी थंडाईत दिसतं. बदाम रात्री भिजत टाकायचे, सकाळी साल काढायची, खसखस, बडीशेप, मिरी, वेलदोडा घालून कुंडीत पाऊण तास घोटायचे, अगदी बोटाला कण लागेनासा होईपर्यंत, आणि मग दुधात मिसळायचे. पैसे संपत आले की बदाम कमी होतात आणि खसखस, बडीशेप वाढते. रंग तोच राहतो, गिऱ्हाईक फसेल, पण अंग फसत नाही. महिनाभरात लढतीला दम पुरेनासा होतो.

त्यातून गुडघा गेला तर? मातीत पाय रुततो, समोरचा ढाक हा डाव लावून अंग फिरवतो, पाय जागच्या जागी आणि वरचं सगळं वळलेलं. आतून ‘कट्’ आवाज येतो, तासाभरात गुडघा सुजून फुगतो. लिगामेंट तुटलेली असते. दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली तर नीट सावरायला नऊ महिने धरावे लागतात, म्हणजे एक हंगाम पुरा गेला. पण कुस्ती जोडलेली असते, गावाला शब्द दिलेला असतो. पोरगा चौथ्या महिन्यात पट्टी बांधून शड्डू ठोकतो आणि तोच गुडघा पुन्हा जातो. दुसऱ्यांदा लिगामेंटबरोबर गुडघ्यातली गादीही फाटते. पंचविशीत कारकीर्द बसली.

जे धड राहतात ते तिशी-बत्तिशीत थांबतात. हजार बैठका बंद होतात, भूक मात्र तशीच राहते. एकदम खाणं तोडलं तर अंग उतरतं आणि गाव विचारतं, ‘पैलवान, आजारी होता का?’ म्हणून बिचारा खात राहतो. पुढे वजन, साखर, रक्तदाब. जोर-बैठका टप्प्याटप्प्यानं कमी करायच्या, तूप आणि दूध त्याच मापानं उतरवायचं, हे सांगणारा वस्ताद भेटला तर नशीब.

बाकी मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. कुस्तीच्या जोरावर नरसिंग यादव, राहुल आवारे, विजय चौधरी पोलीस उपअधीक्षक झाले, अभिमानच आहे. पण तीन नावांनी तालमी भरत नाहीत. मातीऐवजी मॅटवर होणाऱ्या कुस्तीविरुद्ध मी एक अक्षर लिहिलेलं नाही, लेख पुन्हा वाचा, किंवा पहिल्यांदा वाचा. आणि ‘पैसे घेऊन लिहिता’ यावर बोलायची माझी इच्छा नाही.

खाशाबांच्या ओळीखाली ‘एका वाचकाच्या सूचनेवरून दुरुस्ती’ अशी टीप टाकली आहे. तुमचं नाव घातलं असतं, पण ते तुम्ही लिहिलेलंच नाही.