माणगंगा वाचवायची तर आधी सीतामाईच्या डोंगरावर चला

माणगंगेच्या पुनरुज्जीवनाबद्दल बोलणाऱ्या प्रत्येकाने एकदा कुळकजाईचा सीतामाईचा डोंगर चढून यावा. संक्रांतीला नव्हे, मार्च-एप्रिलमध्ये. संक्रांतीला सासूबाईंबरोबर मी वाणवसा घ्यायला जात आले आहे. तेव्हा बायकांची एवढी गर्दी असते की डोंगर नीट दिसतच नाही. यंदा मार्चमध्ये गेले आणि तो दिसला.

सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातला, शंभू महादेवाच्या रांगेतला हा डोंगर. माणगंगा नदी उगम पावते ती इथेच, आणि बाणगंगाही इथलीच. उत्तरेला उतरलेलं पाणी बाणगंगेतून फलटणवरून नीरेला, नीरेतून भीमेला मिळतं आणि पंढरपूरला जातं. दुसऱ्या अंगाला उतरलेलं पाणी माणगंगेतून दहिवडी, म्हसवड, पुढे आटपाडी, सांगोला असा लांबचा फेरा घेऊन पंढरपूरच्या खाली सरकोलीजवळ भीमेत शिरतं. म्हणजे माथ्यावर दोन पावलांच्या अंतरावर पडलेल्या दोन सरी वेगळ्या होतात आणि थेट भीमेत एकत्र येतात. इतकी गावं या एका डोंगरावर अवलंबून आहेत.

आणि हा डोंगर काळा पडला होता. वणवा. उतारच्या उतार जळालेला, कुसळीचे नुसते बुडखे उरलेले, मधूनमधून उघडा मुरूम. जाळलं की पुढच्या पावसात गवत जोमानं येतं, असा समज आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. तो चुकीचा आहे. दरवर्षी जाळलं की मारवेल, पवन्यासारखं चांगलं गवत हटत जातं आणि जनावर तोंड लावणार नाही अशी कुसळ माजते. त्याहून मोठं नुकसान पाण्याचं होतं. आपला काळा कातळ पाणी पोटात घेत नाही. पाणी मुरतं ते वरच्या मातीत, मुरमात आणि खडकाच्या भेगांत. गवत जळालं की पहिल्याच वळवाला ती माती ओढ्यात जाते, आणि पाणी अडवायला गावाने घाम गाळून उताराला आडवे काढलेले समतल चर गाळानं भरून जातात.

माणची माणसं कष्टाला मागे नाहीत. 2018 च्या वॉटर कपमध्ये, म्हणजे पाणी फाउंडेशनच्या जलसंधारणाच्या स्पर्धेत, आमच्याच तालुक्यातली टाकेवाडी राज्यात पहिली आली, भांडवली दुसऱ्या क्रमांकाची मानकरी ठरली. ते काम माथ्यापासून पायथ्यापर्यंत होतं, म्हणून टिकलं. पण नदीचं नाव निघालं की अजूनही सगळ्यांना आधी पात्रातलं पोकलेन आठवतं. खोलीकरण, रुंदीकरण, फोटो. नदीचा जन्म जिथे होतो तिथे मात्र आग लागलेली असते आणि खाली कुणाला पत्ताही नसतो.

जिहे-कठापूर उपसा योजनेच्या पाण्याला माझा विरोध नाही. कृष्णेचं पाणी उपसून नेरच्या तलावात आणि तिथून बोगद्यातून माणमधल्या आंधळीच्या धरणात येतं, हे माणच्या हक्काचंच आहे. याच जिल्ह्यात महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माणच्या वाट्याला त्याचा दहावा हिस्सा येणंही मुश्कील. पण बाहेरचं पाणी विजेवर चढवून आणायचं आणि आपल्या डोंगरावर फुकट पडलेलं मातीसकट घालवायचं, हे मला पटत नाही.

कुणी म्हणेल, मेंढपाळांना बंदी करा. अजिबात नको. डोंगराची नस त्यांच्याइतकी कुणालाच माहीत नाही. कुठला उतार कधी मोकळा ठेवायचा, हे त्यांच्याबरोबर बसूनच ठरवावं लागेल.

माझी मागणी साधी आहे. संक्रांतीला आसपासच्या गावांतल्या हजारो बाया या डोंगरावर येतात, आणि वणव्याचा हंगाम त्यानंतर लगेच सुरू होतो. डोंगर वाचवायचं बोलायला याहून चांगला दिवस नाही. यात्रेच्या माइकवरून त्या दिवशी पुढाऱ्यांच्या स्वागताऐवजी वणव्याबद्दल बोला. वनखात्याची जमीन असो की गायरान, फेब्रुवारी लागायच्या आत जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळे केलेले पट्टे, काढून व्हायला हव्यात. बचत गटातल्या बायकांशी मी बोलायला सुरुवात केली आहे. आपापल्या गावच्या ग्रामसभेत या जाळरेषांचा ठराव मांडायला जे तयार आहेत, त्यांनी खाली गावाचं नाव लिहा.