जंतू वाढवत बसणाऱ्यांबद्दल

जुन्या मित्रांच्या ग्रुपवर आज बातमी आली, एकाच्या मुलीला मायक्रोबायोलॉजीत पीएचडीला प्रवेश मिळाला. अभिनंदनांचा पाऊस पडला आणि त्यात एका महाभागाने लिहिलं, "म्हणजे आता पाच वर्षं जंतू वाढवत बसणार? त्यापेक्षा काहीतरी उपयोगाचं करायचं!" त्यावर बाकीच्यांचे हसरे चेहरे. तिथे तोंड उघडलं असतं तर ग्रुप सोडायची वेळ आली असती, म्हणून इथे लिहितोय.

माझ्या आईला मागे लघवीचा संसर्ग झाला होता. तसा साधाच आजार. गोळ्या झाल्या, ताप उतरेना. गोळ्या बदलल्या, तरी उतरेना, उलट रात्री ती असंबद्ध बोलायला लागली. मग लघवी कल्चरला पाठवली, म्हणजे त्यातले जंतू वाढवून त्यांच्यावर कुठलं औषध चालतं ते बघायला. दोन दिवसांनी रिपोर्ट आला. औषधांची ही लांब यादी, आणि प्रत्येकापुढे रेझिस्टंट, रेझिस्टंट, रेझिस्टंट, म्हणजे जंतू त्या औषधाला जुमानत नाहीत. पार तळाशी एका नावापुढे 'सेन्सिटिव्ह', म्हणजे हे चालेल. ते औषध शिरेतून सुरू झालं आणि आई उठून बसली. आम्ही डॉक्टरांचे आभार मानले, देवाचे मानले. पण प्लेटवर ते जंतू वाढवून त्यांच्यावर एकेक औषध लावून बघणारं जे कोणी होतं, त्याची साधी चौकशीही कुणी केली नाही.

तर महाशय, जंतू वाढवत बसणं म्हणजे हे!

आणि 'उपयोगाचं' म्हणजे काय हो? थॉमस ब्रॉक नावाचा माणूस १९६६ मध्ये यलोस्टोनच्या उकळत्या झऱ्यांत कोण जगतं ते बघत होता. त्याला तिथे एक जिवाणू सापडला, थर्मस ॲक्वाटिकस. पुढे त्याच जिवाणूतल्या उष्णता सोसणाऱ्या एन्झाइममुळे पीसीआर, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढायचं तंत्र, सुटसुटीत झालं. कोरोनात नाकात काडी घालून घेतलीत ना सगळ्यांनी? त्या चाचणीमागचं तंत्र हेच. ब्रॉकला तेव्हा कुणी उपयोग विचारला असता तर तो बिचारा काय सांगणार होता?

वोल्बाकियाचं तर विचारूच नका. हा जिवाणू डासाच्या शरीरात पहिल्यांदा दिसला १९२४ मध्ये. तो डासात असला की डेंग्यूचा विषाणू त्यात नीट वाढत नाही. पुढे जवळजवळ शतकभरानंतर इंडोनेशियातल्या योग्यकार्ता शहरात वोल्बाकिया असलेले डास मुद्दाम सोडले, आणि त्या वस्त्यांमध्ये डेंग्यू ७७ टक्क्यांनी कमी झाला. शंभर वर्षं थांबायची तयारी आहे का आपली? आपल्याला तर मेसेजवरच्या निळ्या खुणांसाठीही थांबवत नाही.

मान्य, कुणीही न वाचणारे पेपर प्रयोगशाळांतून ढिगाने निघतात. घातक विषाणू हाताळताना चूक होण्याची भीतीही अगदीच खोटी नाही. बरं, पुढे.

माझा खरा संताप वेगळाच आहे. औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं गेली, असा अंदाज आहे. आईच्या रिपोर्टवर तळाची ती एक ओळ नसती तर असल्याच कुठल्यातरी आकड्यात तीही जमा झाली असती. आणि त्या तळाला नवीन ओळी घालणाऱ्यांचं आपण काय करतो? अकाओजेन नावाच्या अमेरिकी कंपनीने प्लाझोमायसिन हे अँटिबायोटिक काढलं. कशासाठी, तर असल्याच हट्टी मूत्रसंसर्गांसाठी. २०१८ मध्ये मंजुरी मिळाली. २०१९ मध्ये कंपनीचं दिवाळं वाजलं! औषध वाईट म्हणून नव्हे. नवीन अँटिबायोटिक जपून, अगदी शेवटचा उपाय म्हणून वापरायचं असतं, म्हणजे ते खपतच नाही. शहाण्यासारखं वापरलं तर बनवणारा बुडतो आणि भसाभसा वापरलं तर जंतू त्याला सरावतात आणि औषधच बुडतं.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय, म्हणून एक बरी गोष्टही सांगतो. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने २०२२ मध्ये दोन अँटिबायोटिक्ससाठी वेगळाच करार केला. औषध किती खपलं ते बघायचंच नाही, कंपनीला वर्षाला ठरलेली रक्कम द्यायची. अग्निशमन दलाचा पगार आपण लागलेल्या आगी मोजून देतो का? तसंच हे. पैसा काही थोडाथोडका लागत नाही, हेही खरं. पण एकटं इंग्लंड कितीसं पुरं पडणार? मोठमोठ्या बाजारपेठांचे देश यात उतरले नाहीत तर अशी औषधं काढायला पुढे येणार कोण? ज्यांना जंतू वाढवणं हा रिकामा उद्योग वाटतो, त्यांनी कॉमेंटमध्ये याचं उत्तर द्यावं. हसरे चेहरे नकोत.