‘आठ दिवसांत कोणीही मिलिंग चालवेल’ हे खरं नाही

नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या वर्कशॉपवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. संवादी कंट्रोलची मिलिंग मशीन (फिरत्या टूलने धातू कापणारी) घ्या, म्हणजे स्क्रीन विचारेल आणि आपण फक्त आकडे भरायचे. जी-कोड, म्हणजे मशीनला हालचाली सांगणाऱ्या ओळींची भाषा, संपला, कोणताही पोट्टा आठ दिवसांत जॉब (मशीनवर घडवायचा भाग) काढेल, स्क्रीनवर मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) दिसतो म्हणजे जॉबही मायक्रॉनमध्ये निघेल, आणि जुन्या मिलिंगवाल्याची गरज उरली नाही, असं त्यात लिहिलंय. हे कंट्रोल मला मनापासून आवडतात. पण या मेसेजवर विसंबून एखादा मालक आपला सगळ्यात कामाचा माणूस घालवून बसेल, म्हणून हे लिहितोय.

जी-कोड संपलेला नाही. कॅममधून, म्हणजे ड्रॉइंगवरून प्रोग्राम बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, येणारे बहुतेक प्रोग्राम आजही त्यातच येतात, आणि प्रोग्राम मध्येच थांबला की त्या ओळी वाचता याव्या लागतात. या मुद्द्यावर एवढंच पुरे.

खरा घोळ आहे तो आठ दिवसांच्या मुद्द्यात. ८० मिमी पिच सर्कलवर, म्हणजे ८० मिमी व्यासाच्या वर्तुळावर, सारख्या अंतराने सहा होल मारायचे आहेत असं समजा. हाताने करायचं तर प्रत्येक होलचा एक्स-वाय काढा: ४० गुणिले कॉस ६० म्हणजे २०, ४० गुणिले साइन ६० म्हणजे ३४.६४१, आणि चिन्ह चुकलं की प्लेट भंगारात. संवादी कंट्रोल केंद्र, व्यास, होलची संख्या आणि सुरुवातीचा कोन एवढंच विचारतो, बाकी गणित स्वतः करतो. हा फायदा खरा आहे, मोठा आहे. पण त्याच स्क्रीनवर पुढे स्पीड, फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) आणि एका टप्प्यात किती खोल जायचं याचे रकाने असतात, आणि त्या रकान्यांत तुम्ही काहीही भरलं तरी तो बहुतेक वेळा निमूट घेतो. माइल्ड स्टीलवर १० मिमीचा कार्बाइड एंड मिल (कापणारा टूल) धारेचा वेग साधारण १०० मीटर प्रतिमिनिट धरून चालवला तर स्पिंडल, म्हणजे टूल फिरवणारा दांडा, ३२०० आरपीएमच्या आसपास लागतो. एचएसएसचा, म्हणजे कार्बाइडपेक्षा कमी उष्णता सोसणाऱ्या हाय स्पीड स्टीलचा, टूल असेल तर २५ मीटर धरा, म्हणजे ८०० आरपीएम. एचएसएस लावून ३२०० भरलं की धार बघता बघता जळते. काही कंट्रोल टूल आणि मटेरियलच्या टेबलवरून स्पीड सुचवतात, हेही खरं. पण टेबलात माहिती कोणीतरी भरावी लागते, आणि टूल होल्डरबाहेर किती निघालाय, जॉब व्हाइसमध्ये नीट बसलाय की नाही, हे टेबलला कळत नाही. सिम्युलेशनचंही तेच. क्लॅम्प कुठे लावलाय हे कोणी सांगितलेलंच नसेल, तर स्क्रीनवर टूल मोकळ्या हवेतून जातो आणि मशीनवर थेट क्लॅम्पवर आदळतो. आयटीआयमध्ये मशिनिस्टचा ट्रेड २ वर्षांचा आहे, तो या सगळ्यासाठीच. आठ दिवसांत पोट्टा बटणं शिकेल, कटिंग नाही.

मायक्रॉनचा दावा नागपुरात तरी कोणी करू नये. स्क्रीनवरचा तिसरा दशांश ही आकडा दाखवण्याची क्षमता आहे, जॉबची अचूकता नव्हे. मे महिन्यात एसी नसलेल्या शेडमध्ये सकाळी ३० अंश आणि दुपारी ४४ अंश असतात. ३०० मिमी लांबीची ॲल्युमिनियमची प्लेट या १४ अंशांच्या फरकानेच जवळपास ०.१ मिमी वाढते, म्हणजे शंभर मायक्रॉन. स्पिंडल तापून सरकतो ते वेगळंच. सकाळी घेतलेला झिरो (जिथून मापं मोजायची तो बिंदू) दुपारी पुन्हा तपासायचा, ही सवय माणसाची आहे.

आणि जुना मिलिंगवाला? मेसेजमधला सगळ्यात चुकीचा दावा हाच आहे. माझाक या जपानी मशीन कंपनीने १९८१ मध्ये माझाट्रॉल हा संवादी कंट्रोल आणला, तो कोड न लिहिता ड्रॉइंगवरून थेट मशीनपाशी प्रोग्राम करता यावा म्हणून. प्रोटोट्रॅक या दुसऱ्या संवादी कंट्रोलमध्ये तर प्रोग्राम तयार झाल्यावर ऑपरेटर हँडव्हील फिरवेल तसा टूल ठरलेल्या वाटेने पुढे जातो. हात थांबला की टूल थांबतो. हात कधी थांबवायचा हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्यासाठी ही सोय आहे. आपल्याकडे एचएमटीच्या मिलिंगवर वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाला चिप, म्हणजे कापताना निघणारा धातूचा किस, बघून कळतं: स्टीलवर कार्बाइडची चिप निळी पडली तर बहुधा घाबरायचं कारण नसतं, एचएसएसची निळी पडली तर स्पीड ताबडतोब उतरवायचा. त्याचं अडायचं ते फक्त कोडपाशी. संवादी कंट्रोलने नेमकी तीच अडचण दूर केली. या मशीनवर सगळ्यात लवकर तयार होणारा माणूस तोच आहे, आणि आयटीआयहून आलेला पोट्टा त्याच्या शेजारी उभा केला तर दोघंही शिकतील.

हिंगणा, बुटीबोरी किंवा कळमेश्वरला असा कंट्रोल कोणी घेणार असेल, तर डेमोला आपल्याच कामाचं ड्रॉइंग घेऊन जा आणि आपल्या मिलिंगवाल्यालाही सोबत न्या. विक्रेत्याच्या माणसाला बाजूला व्हायला सांगून पहिला पॉकेट (जॉबमध्ये कोरलेला खोलगट भाग) आपल्या मिलिंगवाल्याला काढू द्या. मग विचारा: चौथ्या होलला ड्रिल तुटला, नवा लावला, त्याची लांबी वेगळी आहे, आता पाचव्यापासून पुढे कसं सुरू करायचं? याचं उत्तर मशीनवर करून दाखवल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका.