पंख पोर्चमध्ये, पापड पंखावर

17 डिसेंबर 1903 ला राइट बंधूंचं विमान पहिल्यांदा उडालं, 12 सेकंद आणि 120 फूट, हे शाळेत सगळ्यांना शिकवतात. दोघेही भाऊ जन्मभर अविवाहित राहिले, हे कोणी शिकवत नाही. माझ्या मते शोधाचं खरं मर्म तिथंच आहे. मी नागपुरात, त्रिमूर्तीनगरच्या घराच्या पोर्चमध्ये, बायको, आई, शाळकरी मुलगी आणि एक डेझर्ट कूलर एवढ्यांना सांभाळून विमान बांधतोय.

विमान म्हणजे किटचं. व्हॅन्स कंपनीचं आरव्ही-7, ॲल्युमिनियमचं, दोन सीटांचं. कंपनी पत्रे कापून, वाकवून, भोकं पाडून पाठवते. उरलेलं विमान आपण करायचं. सुरुवात शेपटीपासून. भाग लहान असतात, हात बसतो, आणि घरच्यांना ‘बस, एवढंच तर आहे’ असं सांगता येतं. पंख नंतर येतात. तोवर घरच्यांना उशीर झालेला असतो.

काम कसलं, तर रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या बिनटोकाच्या खिळ्या, ठोकायचं. दहा हजारांच्या वर रिव्हेट लागतात. प्रत्येक भोकाच्या कडेचं कुसळ काढा, डोकं बसायला खळगा पाडा, मग ठोका. रिव्हेटची जाडी इंचाच्या बत्तिसाव्या भागात मोजतात आणि लांबी सोळाव्या भागात; हे ज्यानं ठरवलं त्याच्या घरी मसाल्याचा डबा नसावा. आमच्याकडे होता. आता मोहरीच्या वाटीत बारीक रिव्हेट असतात, जिऱ्याच्या वाटीत जाडे, आणि फोडणीच्या वेळी घरात जे होतं ते होतं.

बरेचसे रिव्हेट एकट्यानं ठोकता येत नाहीत. बाहेरून एकानं हवेची गन चालवायची, आतून दुसऱ्यानं पोलादी ठोकळा दाबून धरायचा. लग्नाची खरी परीक्षा घ्यायची असेल तर नवरा-बायकोला पत्र्याच्या दोन बाजूंना बसवावं. ठोकल्यावर आतलं टोक चपटं होऊन जे डोकं बनतं ते रुंदीला रिव्हेटच्या दांड्याच्या दीडपट आणि उंचीला निम्मं झालं पाहिजे, असा नियम आहे. हा नियम मीच हौसेनं बायकोला सांगितला. ती ऑडिटमध्ये आहे.

‘‘हा नाही चालणार. काढा.’’

‘‘अगं, आतल्या बाजूचा आहे. कोणाला दिसणार?’’

‘‘मला दिसला.’’

गनला हवा लागते, हवेला कॉम्प्रेसर लागतो, आणि कॉम्प्रेसर सुरू झाला की कूलरचा पंखा मंदावतो. मे महिन्यात, बाहेर 45 डिग्री असताना, नागपुरात दुसऱ्याचा कूलर मंदावणं हा कायद्यात नसला तरी गुन्हाच आहे. त्यात तो आवाज. शेजारचे काका फाटकाशी येऊन शांतपणे म्हणाले, ‘‘उडवाचं तं उडवा भाऊ, पण दोन ते चार झोपू द्या ना बाप्पा.’’ आता दोन ते चार मी कागदावर विमान बांधतो.

त्याच मे महिन्यात वाळवणं असतात. गच्चीवर शेपटीचा आडवा पंख टेकवून ठेवला होता. संध्याकाळी पाहतो तर त्यावर उडदाचे पापड ओळीनं मांडलेले. गंज अडवायला या पत्र्यावर शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो खरा, पण तो थर देणाऱ्यांनी पापडखार हिशेबात धरला नसणार. खार ॲल्युमिनियमला खातो. हे आईला रसायनशास्त्रासकट समजावलं. ती म्हणाली, ‘‘काहून ओरडून राहिला? प्लास्टिकपेक्षा लवकर वाळते यावर.’’ ते मात्र खरं होतं. पापड उत्कृष्ट झाले.

पाहुण्यांचे प्रश्न ठरलेले. पहिला ॲव्हरेजचा. दुसरा, लग्नात वरातीवर फुलं टाकता येतील का. सासरे येतात तेव्हा शिवकर तळपद्यांनी 1895 सालीच चौपाटीवर विमान उडवल्याचं सांगतात. त्याला भक्कम पुरावा नाही, पण सासऱ्यांकडे पुरावा मागणारा जावई मी अजून पाहिलेला नाही. मी त्यांना कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या अमोल यादवांचं नाव सांगतो. त्यांच्या विमानाची नोंदणी 2017 साली झाली. ‘‘त्यांच्या घरचे काय म्हणत होते?’’ हा प्रश्न सासूबाईंचा.

सगळ्यात नाजूक प्रकरण वजनाचं. विमानाचा गुरुत्वमध्य काढायला बसणाऱ्यांचं वजन लागतं, अंदाजे नव्हे, काट्यावरचं. आत्याला विचारलं, ती पोळ्याच्या सणापासून बोलत नाही. सामानाला मर्यादा 100 पौंडांची, म्हणजे 45 किलो. आमचं पुण्याला जायचं सामान, संत्र्यांची पेटी धरून, 45 किलोत कधी बसलेलं नाही.

सीटा दोन आणि माणसं चार, हा वाद मुलीनं सुरू केला. आईनं तो एका वाक्यात मिटवला.

‘‘मले शेगावले नेशील ना?’’

‘‘आई, शेगावला धावपट्टी नाही. अकोल्याला, शिवणीच्या विमानतळावर उतरावं लागेल.’’

‘‘मंग तिथून?’’

‘‘तिथून गाडी करू.’’

आईनं पोर्चभर पसरलेल्या पत्र्यांकडे पाहिलं.

‘‘मंग कायले ठोकून राहिला एवढं? विदर्भ एक्सप्रेस सरळ शेगावलेच थांबते.’’