उंटाच्या भावकीत मेंढरं

मेंढी उताणी पडली की तिला आपलं आपण उठता येत नाही. गंमत म्हणून नाही सांगत, खरंच येत नाही, त्यातून अंगावर लोकर भरपूर असेल किंवा गाभण असेल तर अजिबातच नाही, आणि तशीच पडून राहिली तर पोटात गॅस साठत जातो, ढेकर निघत नाही आणि काही तासांत कारभार आटोपतो. म्हणजे जिच्यामागे ना कोल्हा लागलाय ना रोग, अशी चांगली धडधाकट मेंढी निव्वळ कूस बदलताना मरू शकते. त्यामुळे सकाळी तोंड धुवायच्या आधी माझं पहिलं काम काय, तर कुंपणापाशी जाऊन शेतात कुणाचे चार पाय आभाळाकडे आहेत का ते बघणं.

आता यात अल्पाका आणून सोडा. अल्पाका म्हणजे उंटाच्या भावकीतलं जनावर, मूळचं दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातलं, आणि त्याला ऊन खायची भयंकर हौस. ऊन खातं म्हणजे कसं, तर कुशीवर आडवं होतं, ती लांबलचक मान जमिनीवर सपाट टाकून देतं, पाय ताठ, डोळे अर्धवट मिटलेले, हालचाल शून्य. म्हणजे आमच्या शेतात जे मेल्यासारखं दिसतं ते एकतर खरंच मरायला टेकलेलं असतं नाहीतर मजेत असतं, लांबून काही कळत नाही, धावावं दोन्हीकडे लागतं. रस्त्याने जाणारेही थांबतात. "ताई, तुमचा तो उंट गेला वाटतं हो." मी म्हणते, "नाही हो काका, ऊन खातोय." काकांना पटत नाही, ते कुंपणावरून टाळ्या वाजवतात, मग तो मृतात्मा सावकाश मान उचलतो आणि अशा काही तुच्छतेने बघतो की काका काही न बोलता वाटेला लागतात. मला तिथेच राहावं लागतं.

उताण्या मेंढीला उठवण्याचं एक तंत्र आहे. लोकरीत हात घालून तिला कुशीवर लोळवायची, मग उभी करायची, पण लगेच सोडायची नाही, कारण पायांत त्राण नसतं, सोडली की परत धपकन तिथेच. मग तिला दोन गुडघ्यांच्या मध्ये दाबून धरायचं आणि शेताच्या मधोमध तसंच उभं राहायचं, जाणाऱ्या-येणाऱ्याला काय वाटायचं ते वाटो. आधी ती थरथरते, मग पोटात खोलवर काहीतरी गुडगुडतं आणि आंबलेल्या गवताचा एक प्रदीर्घ ढेकर बाहेर येतो, आणि वारा नेमका माझ्याच दिशेने असतो, नेहमी. एवढं झालं की बाई चालायला लागतात, आणि जातात कुठे, तर ज्या खळग्यात पडल्या होत्या तिथेच, कारण गवत तिथलं कोवळं! एक फायदा मात्र मान्य करायला हवा, लोकरीला जे चिकट मेण असतं ना, तेच लॅनोलिन म्हणून क्रीममध्ये घालतात, त्यामुळे बाकी माझा अवतार कसाही असो, हात एकदम मऊ.

आता जंताच्या औषधाबद्दल. मेंढीच्या पोटात रक्त पिणारा एक जंत होतो, बार्बर पोल वर्म, आणि सरसकट सगळ्यांना औषध पाजत बसलं तर जंत औषधाला निर्ढावतात, म्हणून आधी प्रत्येकीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघायचा, लालसर असेल तर ठीक, पांढरट असेल तर रक्त कमी झालंय, द्या डोस. त्यासाठी फामाचा नावाचं 1 ते 5 रंगांचं एक कार्ड असतं, दक्षिण आफ्रिकेत तयार झालेलं, आणि ज्याने ते केलं त्याच्याबद्दल मला पूर्ण आदर आहे, पण एका हातात कार्ड, एका हाताने पापणी आणि मेंढी धरायला तिसरा हात कुठून आणायचा ते काही कार्डावर छापलेलं नाही. मुळात ती सापडायला तर हवी. मेंढीला मान न वळवता जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, फक्त पाठीमागे थोडीशी जागा सुटते, म्हणून दबा धरायचा तर तिथूनच. त्यात 2001 साली केंब्रिजजवळच्या शास्त्रज्ञांनी नेचरमध्ये छापून दाखवलंय की मेंढ्या 50 मेंढ्यांचे चेहरे दोन वर्षं लक्षात ठेवू शकतात, आणि माणसांचेही ओळखतात. मला त्या प्रयोगाची गरज नव्हती. मी चाऱ्याची बादली घेऊन गेले तर सगळ्या अंगावर येतात, तीच मी खिशात औषधाची पिचकारी लपवून गेले की शेताच्या पार दुसऱ्या टोकाला.

खाण्याचं तर विचारूच नका. अल्पाकाच्या क्षारमिश्रणात थोडं तांबं असतं, आणि मेंढीला तांबं सोसत नाही, ते तिच्या लिव्हरमध्ये गुपचूप साठत जातं आणि एक दिवस जीवच घेतं. म्हणून दोन गव्हाणी, मध्ये फळ्या, आणि अर्थातच सगळ्या मेंढ्यांना जगात फक्त एकच गोष्ट खायची असते, फळ्यांच्या पलीकडची. तिथे मी पहारा देते, आणि पहाऱ्याची जागा म्हणजे दोन अल्पाकांच्या मधली. अल्पाका माणसावर सहसा थुंकत नाही, पुस्तकात लिहिलंय ते खरं आहे, ते एकमेकांवर थुंकतात, चाऱ्यावरून, मी फक्त वाटेत असते. साधी थुंकी नव्हे हो, पोटातून वर आणलेला हिरवा माल, आणि तो इतका कडू असावा की थुंकून झाल्यावर थुंकणाराच खालचा ओठ लोंबकळत ठेवून बराच वेळ दुःखी उभा राहतो. याला न्याय म्हणतात.

एवढं करून ते राखणदार म्हणून आणलेत. उंटावरून शेळ्या हाकतात म्हणे, इथे उंटच मेंढ्यांवर लक्ष ठेवतो. कोल्हा दिसला की कान टवकारतो, कर्कश किंचाळतो, अंगावरसुद्धा जातो, कामाला वाघ आहे. फक्त हीच किंचाळी मी ढकलगाडीवर निळी ताडपत्री टाकली तरी ऐकू येते, तीही पहाटे. त्यांचा एक गुण मात्र मी कुणाहीसमोर सांगेन, शेणाची जागा एकच, ठरलेली, सगळे तिथेच जातात. मेंढ्यांनी यातून काही शिकावं अशी आशा मी सोडून दिलीय.

विण्याच्या बाबतीतही अल्पाका जास्त समजूतदार. मेंढीचे साधारण 147 दिवस, आणि कोकरू यायचं ते मध्यरात्रीच, त्यातही पाऊस असेल तर बघायलाच नको. अल्पाका अकरा-साडेअकरा महिने घेते पण विते बहुतेक दिवसाउजेडी. फक्त ती गाभण आहे की नाही हे ठरवायची जी पद्धत आहे ना, ती ज्याच्या वाट्याला येते त्यालाच कळतं. नर दाखवून दोनेक आठवडे झाले की त्याच नराला परत तिच्यासमोर न्यायचं. मादी खाली बसली तर गाभण नाही. थुंकली, लाथा झाडल्या, पळाली, तर अभिनंदन. नर बिचारा मोठ्या उमेदीने मान वर करून येतो, त्याच्या गळ्यातली दोरी माझ्या हातात, आणि दोरीची लांबी तिच्या थुंकीच्या टप्प्यापेक्षा कमी. डोळे पुसत मी डायरीत लिहिते, "पास", आणि तो मात्र पुढच्या मादीच्या फाटकाकडे मला ओढत निघालेला असतो.