मानेआधी कान तपासा
‘चक्कर आली की आधी मानेचा एक्स-रे काढा’ हा चक्कर येण्यावरच्या लेखातला सल्ला मला पटला नाही. आईची दीड वर्षं त्यातच गेली. गळ्यात पट्टा आला, गोळ्या वाढल्या, तरी कूस बदलली की घर गरगर फिरायचंच. घाबरून ती रात्र-रात्र उशीला टेकून बसायची.

शेवटी सांगलीतल्या एका कान-नाक-घसा तज्ज्ञांनी तिची मान वळवून तिला झटकन आडवं केलं आणि बुबुळांची थरथर आम्हाला दाखवली. ही डिक्स-हॉलपाइक चाचणी, यंत्र लागत नाही, दोन-चार मिनिटांचं काम. आतल्या कानातले कॅल्शियमचे बारीक कण जागा सोडून तिथल्याच तोल सांभाळणाऱ्या नलिकेत गेले होते, चक्कर त्यामुळे येत होती. एप्ली पद्धतीने डोकं क्रमाने फिरवून ते परत जागी आणले. चक्कर कूस बदलतानाच येते का, किती सेकंद टिकते, हे आधी विचारा, एवढं तरी लेखात हवं होतं.