रिटायरमेंटसाठी काही राखून ठेवू नका

आमच्या शिक्षकांच्या जगात 'रिटायर झाल्यावर बघू' हे वाक्य फार चालतं. पेटी शिकायची आहे, गावच्या देवळाचा इतिहास लिहून काढायचा आहे, वडिलांच्या डायऱ्या नीट लावायच्या आहेत, रायवळ आंब्याच्या जुन्या झाडांची नोंद करायची आहे. सगळं रिटायर झाल्यावर. जिल्हा परिषदेची नोकरी ५८ व्या वर्षी संपते, त्यामुळे प्रत्येकाला आपापली तारीखसुद्धा पाठ असते. मी पन्नाशी ओलांडलेली प्राथमिक शिक्षिका आहे आणि मला आज या वाक्याविरुद्ध मनापासून लिहायचं आहे. माझं म्हणणं एवढंच, की जे काम आपल्याला खरोखर आपलं वाटतं त्याची जागा नोकरीच्या वर्षांतच करावी लागते. उरल्यासुरल्या वेळात, तुकड्यातुकड्यांत, पण आत्ताच.

मी दापोली तालुक्यात नोकरी करते, म्हणून उदाहरणही इथलंच घेते. मुरूड म्हटलं की आता लोकांना समुद्रकिनारा आणि हॉटेलं आठवतात. आमच्या मुलांना धोंडो केशव कर्वे याच गावात वाढले हे माहीत असतं, कारण ते धड्यात येतं. पण याच गावात १८५३ साली शंकर बाळकृष्ण दीक्षित जन्मले, हे मी ज्या ज्या शाळेत विचारलं तिथे शिक्षकांनाही नवीन होतं. याचं मला वाईट वाटतं, कारण हा माणूस आपल्याच पेशातला. कॉलेजची पदवी नाही. ट्रेनिंग कॉलेजमधून बाहेर पडून शाळामास्तर झाले. रेवदंडा, बार्शी, धुळे, पुणे अशा बदल्या. बदलीचं गाव म्हणजे काय असतं हे आपल्याला सांगायला नको: नवं बिऱ्हाड, नवी शाळा, नवे साहेब, आणि जुन्या गावात जमवलेली सगळी घडी मोडलेली. त्या काळात तर पुस्तकं बैलगाडीत घालून न्यायची.

या नोकरीत राहून दीक्षितांनी भारतीय ज्योतिषाचा, म्हणजे पंचांगाच्या आणि ग्रहगणिताच्या शास्त्राचा, वेदकाळापासून आपल्या काळापर्यंतचा इतिहास मराठीत लिहिला. तो ग्रंथ १८९६ साली छापला गेला. त्याच वर्षी लंडनमध्ये रॉबर्ट स्यूएल यांच्याबरोबर त्यांनी केलेलं भारतीय कालगणनेवरचं इंग्रजी पुस्तक निघालं. त्याआधी शिलालेखांचे इंग्रज अभ्यासक फ्लीटसाहेब यांनी गुप्त राजांचे शिलालेख संपादित केले, तेव्हा त्यातल्या तिथी-वारांचं गणित याच मास्तरांनी करून दिलं होतं. शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत असं एक वाक्य आहे. तेवढ्या वाक्यावरून, कृत्तिका नेमक्या पूर्वेला केव्हा उगवत असतील याचं गणित त्यांनी मांडलं आणि काळ काढला इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षं. त्या निष्कर्षावर अजूनही वाद होतात, होऊ देत. एका शाळामास्तराने काढलेल्या आकड्यावर सव्वाशे वर्षांनंतर विद्वान वाद घालतात, हीच मला मोठी गोष्ट वाटते.

आणि १८९८ च्या एप्रिलमध्ये ते गेले. वय ४४.

पेन्शनीत निघाल्यावर बघू असं दीक्षितांनी म्हटलं असतं, तर यातलं काहीही झालं नसतं. ग्रंथ छापून झाला आणि दोनच वर्षांत आयुष्य संपलं. मी हे कुणाला घाबरवण्यासाठी सांगत नाही. आपण सगळे ८० पर्यंत जगू अशी माझीही इच्छा आहे. पण त्या इच्छेवर सगळं काम तारण ठेवायचं, हे मला पटत नाही.

मला जास्त विचार करायला लावते ती त्यांच्या कामाची पद्धत. त्यांना वेधशाळा लागत नव्हती. लागत होती जुनी पंचांगं, सिद्धांतग्रंथ, कागद आणि दौत. एका शिलालेखात शक, महिना, तिथी आणि वार दिलेला आहे; ते खरंच जुळतात का, हे एक स्वतंत्र गणित. शाळा सुटल्यावर धरलं तर काही संध्याकाळींत संपतं आणि संपलं की हातात एक पक्की गोष्ट राहते. उद्या बदलीची ऑर्डर आली तरी ती वाया जात नाही. अशी शेकडो छोटी पक्की गणितं साठली तेव्हा तो मोठा इतिहास उभा राहिला, असं मला त्यांचं पुस्तक चाळताना वाटतं. आपण बहुतेक वेळा उलट करतो. मनात एकदम मोठं काहीतरी धरतो, त्यासाठी लागणारा सलग मोकळा वेळ नोकरीत कधीच मिळत नाही, मग ते उचलून रिटायरमेंटच्या फळीवर ठेवतो. काम निवडतानाच ते तुकड्यात करता येईल असं निवडायला हवं, किंवा मोठ्या कामाचे असे तुकडे पाडायला हवेत की प्रत्येक तुकडा स्वतःच्या पायावर उभा राहील.

पांडुरंग वामन काण्यांचंही असंच. जन्म चिपळूणजवळ परशुरामचा, शाळा दापोलीची. मुंबईला हायकोर्टात वकिली करायचे. व्यवहारमयूख नावाच्या संस्कृत ग्रंथाचं संपादन करताना त्याच्या प्रस्तावनेसाठी धर्मशास्त्राचा थोडा इतिहास लिहायला घेतला, आणि ती प्रस्तावना वाढता वाढता स्वतंत्र ग्रंथ झाली. पहिला खंड १९३० साली, शेवटचा १९६२ साली. पाच खंड, साडेसहा हजारांवर पानं. शेवटचा भाग निघाला तेव्हा त्यांचं वय ८२ होतं. मधल्या काळात वकिली, मुंबई विद्यापीठाचं कुलगुरुपद, राज्यसभा, पोटाचं दुखणं, सगळं चालूच होतं. पन्नाशीत पहिला खंड हातात नसता, तर ८२ व्या वर्षी शेवटचा कुठून आला असता?

यावर स्टाफरूममध्ये मला ठरलेलं उत्तर मिळतं: मॅडम, अण्णासाहेब कर्व्यांनी तर उतारवयातच सगळं केलं. हे अर्धंच खरं आहे. महिला विद्यापीठ त्यांनी १९१६ साली काढलं. १८५८ चा जन्म धरला तर वय बरोबर ५८, आपल्या निवृत्तीचंच. जपानमधल्या महिला विद्यापीठाची पुस्तिका त्यांच्या वाचनात आली आणि आपल्याकडेही असं विद्यापीठ हवं असं त्यांनी ठरवलं. पण ते हे करू शकले कारण २० वर्षं आधी, १८९६ मध्ये, ३८ वर्षांचे असताना त्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम सुरू केला होता. तेव्हा ते फर्ग्युसनमध्ये गणिताचे प्राध्यापक होते. पुढे आश्रम हिंगण्याला हलला तेव्हा कॉलेज आटोपून तिथवर पायी जायचे. वर्गणी कशी मागायची, शिव्या कशा सोसायच्या, पोटापुरत्या पैशात संस्था कशी चालवायची, मुलींच्या आईवडिलांशी कसं बोलायचं, हे सगळं नोकरीच्या वर्षांत शिकून झालं होतं. ७८ व्या वर्षी खेड्यातल्या प्राथमिक शाळांसाठी मंडळ काढलं, ८६ व्या वर्षी समता संघ काढला, ते याच तयारीवर. निवृत्तीनंतर हात कोरे असतील तर ते कामाला लागायलाच बरीच वर्षं जातात, आणि गुडघे तोवर थांबत नाहीत.

आता जी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती. हे तिघेही पुरुष होते. त्यांच्या संध्याकाळी मोकळ्या होत्या कारण घरात कुणीतरी चूल सांभाळत होतं. माझ्या मैत्रिणी हा मुद्दा काढतात तेव्हा मी वाद घालत नाही, कारण त्या बरोबर आहेत. सकाळचे डबे, शाळा, बीएलओचं म्हणजे मतदार यादीचं काम, पोषण आहाराच्या नोंदी, मोबाइलवर भरायची माहिती, संध्याकाळी सासऱ्यांचा दवाखाना, मुलीचे क्लास. यात 'उरलेला वेळ' म्हणजे रात्री साडेदहानंतरचा, डोळे मिटत असतानाचा.

म्हणूनच मला देवरूखच्या गोदूबाईंबद्दल आणि पंडिता रमाबाईंबद्दल जास्त सांगावंसं वाटतं. गोदूबाई लहानपणी विधवा झाल्या. रमाबाईंनी १८८९ मध्ये शारदा सदन काढलं, तिथल्या पहिल्या विद्यार्थिनींमध्ये त्या होत्या. १८९३ मध्ये त्यांचं कर्व्यांशी लग्न झालं, मुरूडने त्यावरून बहिष्कार घातला. पुढे बाया कर्वे म्हणून त्यांनी आश्रमासाठी दारोदार वर्गणी गोळा केली, आणि हे घर, मुलं, पैशाची ओढाताण यांच्या जोडीने. रमाबाईंनी तर केडगावला दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलींचं मुक्ती मिशन चालवत मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं. त्याचे खिळे जुळवायला आणि छपाईला तिथल्याच बायका होत्या. आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षं हे काम चाललं. काम पुरं झालं आणि १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. भाषांतराचं काम मिशनच्या बाहेर कुठेतरी शांत खोलीत बसून करण्याची सोय त्यांना नव्हती. त्यांनी ते त्या गजबजाटाच्या मधोमध ठेवलं आणि आजूबाजूच्या बायकांना त्यात सामील करून घेतलं.

घरातल्या पैशाचा हिशोब आपण सगळे मिळून करतो, मग रविवारचाही करावा असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्याकडे रविवारची दुपार माझी, हे सगळ्यांनी बसून ठरवलं. त्या दिवशी सासूबाईंचं जेवण आणि औषधं नवरा बघतो. त्यासाठी काही गोष्टी सोडल्या. लांबच्या नात्यातल्या लग्नात हळद, लग्न आणि पूजा अशा तिन्ही दिवशी हजेरी लावणं बंद केलं, एकदाच जाते. भिशी सोडली. एका नणंदेला राग आला, तो अजून पुरता गेलेला नाही. याची किंमत असते आणि ती बाईला जास्त मोजावी लागते, हे मी लपवणार नाही. पण कुणी रागावणार नाही अशी दुपार आपोआप मिळेल म्हणून वाट बघत बसले असते, तर ती कधीच आली नसती.

त्या दुपारी मी काय करते, तर गावोगावच्या म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेते. हे काम मी शोधून काढलेलं नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागातून सुरुवात करून एक लाखाच्या वर ओव्या जमवल्या. त्यात माहेर आहे, भाऊ आहे, सासुरवास आहे, विठ्ठल आहे, बाबासाहेबांवरच्याही ओव्या आहेत. मी माझ्या तालुक्यापुरतं थोडंसं करते. काम दीक्षितांच्या गणितासारखंच तुकड्याचं आहे. एका बाईच्या चार ओव्या, तिचं माहेरचं गाव, कुणाकडून शिकली ते, एवढं वहीत उतरलं की तो तुकडा पूर्ण.

हे काम करायला लागल्यापासून 'मर्यादित वेळ' याचा माझ्यापुरता अर्थ बदलला. आपण वेळ मोजतो तो स्वतःचा. मी ५८ ला निवृत्त होईन, पुढे तब्येत बरी राहिली तर अमुक वर्षं. पण या आजी ऐंशीच्या घरात आहेत. गिरणी गावात आली तेव्हा त्या तरण्या होत्या आणि त्यानंतर फारशा कुणी पहाटे दळायला बसल्या नाहीत. त्यांच्या सुनांना ओव्या येत नाहीत. नुसतं 'सांगा' म्हटलं तर आजींनाही आठवत नाहीत. पडवीतलं जातं पुसून, मूठभर नाचणी टाकून खुंटा हातात दिला की हात फिरायला लागतो आणि मग एकामागून एक येतात. माझी निवृत्ती होईपर्यंत यातल्या किती जणींचा हात फिरू शकेल? त्यांचा वेळ माझ्या सर्व्हिस बुकाप्रमाणे चालत नाही.

राजवाड्यांना हे फार लवकर कळलं होतं. मराठ्यांच्या इतिहासाची साधनं जमवायला विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडले, कारण वाड्यांच्या माळ्यांवर दप्तरं वाळवीच्या तोंडी जात होती, रद्दीत विकली जात होती. पानिपतच्या काळातल्या पत्रांचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला, एकूण २२ खंड झाले. कागदांना थांबायला वेळ नव्हता, म्हणून त्यांनाही नव्हता. तुमच्या घरातल्या वडिलांच्या डायऱ्यांना वाळवी लागते. देवळाचा इतिहास ज्या गुरवबाबांना तोंडपाठ आहे, त्यांना विस्मरण होतं. रस्ता रुंदीकरणात रायवळ आंबा तुटतो. काम पुढे ढकलताना फक्त आपलं वय बघून चालत नाही, ज्यांच्याकडून घ्यायचं त्यांचंही बघावं लागतं.

मोबाइलबद्दल मी काही लिहीत नाही. सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्यावर सगळेच बोलतात. दुपार एकदा ठरली आणि कुणी आजी वाट बघते आहे हे माहीत असलं की तो आपोआप पर्समध्येच राहतो, ओव्या रेकॉर्ड करण्यापुरता बाहेर येतो.

दापोली, मंडणगड, खेड किंवा गुहागर तालुक्यात तुमच्या घरी, शेजारी, वाडीत कुणी आजी, आत्या, मावशी जात्यावर गायलेली असेल तर मला जरूर कळवा. त्यांना आधी विचारा आणि त्या हो म्हणाल्या तरच. रविवारी दोन ते चार या वेळात मी येते, त्या वेळी त्यांची जेवणं उरकलेली असतात. जातं नसलं तरी चालेल, माझ्याकडे एक लहान जातं आहे, ते घेऊन येईन. आणि इकडच्या गावांतले, आता मुंबई-पुण्यात राहणारे कुणी हे वाचत असाल, तर मे महिन्यात गावी आल्यावर तुम्हीच अशा आजींजवळ बसा आणि लिहून घ्या. वही कशी ठेवायची ते मी सांगेन.